रिकाम्या पाळण्यातलं वजन

विजू, आज सकाळीही तुझ्या मशीनचं बटण दाबताना मी डोळे मिटले. तू असतास तर हसला असतास. "आक्का, कपाट हाय ते, बाँब न्हाई," म्हणाला असतास. कपाटच आहे, मला मान्य आहे. पण तू गेल्यापासून त्यातून नुसतं खट् झालं तरी मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावते. पूर्वी काही बिघडलं की नागापूरला तुझ्या शेडवर फोन करायचा. तू फोनवरच माझ्यावर खेकसायचास, स्कूटर काढून यायचास आणि चहा होईपर्यंत सगळं सुरळीत व्हायचं. आता फोन वाजत राहतो. कुणी उचलणार नाही हे माहीत असूनही मी तो वाजू देते.

तुझ्या जलदानविधीला सगळे जमले होते. भंतेजी शांतपणे बोलत होते, आई भिंतीला टेकून बसली होती, आणि माझं लक्ष कुठे होतं सांगू? त्या दिवशी दवाखान्यात वीज जायची होती. तुझं मशीन मधेच थांबलं आणि माझ्याऐवजी आलेल्या मुलीला हँडल फिरवता आलं नाही तर काय, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं. भावाच्या जलदानविधीला बसून बहीण मोटरचा विचार करते. मला माझीच लाज वाटली. मग वाटलं, तू माझ्या शेजारी बसला असतास तर तुझ्याही डोक्यात तेच असतं.

भेटायला येणारे म्हणतात, गुणी पोरगा होता हो. मी मान हलवते. गुणी होतास, पण भांडखोर किती होतास ते त्यांना कुठे ठाऊक. तू डिप्लोमा केलास, शेड घातलीस, लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या आणि गोठ्यांचे सांगाडे करता करता तुझं नाव झालं, पण आपल्या केडगावच्या घरात शिरलास की तू माझा धाकटा भाऊच. मी तुझी चूक काढायची, तू माझी. आता घरात कुणी कुणाची चूक काढत नाही, म्हणून घर फार गप्प झालंय.

दवाखान्यातली माझी खोली तू पहिल्यांदा पाहिलीस तो दिवस मला सारखा आठवतो. मी डबा विसरले होते आणि आईनं तुला पिटाळलं होतं. जिन्याखालची अरुंद खोली, एका बाजूला मायक्रोस्कोप, दुसऱ्या बाजूला सिंक, आणि उरलेल्या जागेत कपाटं. कपाटं भरली म्हणून टेबलाखाली खोकी, टेबलाखालची जागा संपली म्हणून बाहेर पॅसेजमध्ये खोकी. मिठाईची खोकी. गावात कुणाचं लग्न-बारसं झालं की आम्ही रिकामी खोकी मागून आणायचो, कारण ती नेमक्या मापाची असतात. तू त्यातलं एक उचललंस आणि म्हणालास, "पेढे कुनाचे?"

उघडलंस तर आत मेणाच्या वड्या. साबणाच्या लहान वडीएवढ्या, एकीला एक चिकटून, प्रत्येकीवर नंबर. मी तुला सांगितलं, ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आम्ही मेणात बसवतो, त्याचे पातळ काप काढून काचेवर घेतो आणि आमचे डॉक्टर सर ते मायक्रोस्कोपखाली बघून सांगतात, साधी गाठ आहे की कॅन्सर. काप काढून झाले तरी वडी जपून ठेवायची. चार वर्षांनी दुखणं उलटलं तर ती पुन्हा लागते. त्या माणसाच्या आजाराचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

तू झाकण दोन्ही हातांनी लावलंस. खोकं टेबलावर ठेवलंस तेही इतकं हळू की मला हसू आलं. तू मात्र हसला नाहीस. "ह्यात मानसं हायेत, आक्का," म्हणालास, "आन तुमी ती पेढ्याच्या खोक्यात ठिवता? उंदरांनी खाल्ली म्हंजी?"

उंदीर खातात, हे मी तुला सांगितलं नाही. एका कोपऱ्यातलं खोकं कुरतडलेलं सापडल्यापासून मला नीट झोप लागत नव्हती, हेही नाही. पण तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुला कळलं असावं. तू खोलीच्या मधोमध उभा राहून वर बघायला लागलास. जुनी इमारत, छत हे एवढं उंच, वर नुसतं जळमट. "तुमच्याकडं जमीन न्हाई," तू म्हणालास, "पन आभाळ लई हाय. ते कुनी वापरत न्हाई."

मग तू डबा न देताच निघून गेलास. त्या दिवशी मी कँटीनची मिसळ खाल्ली आणि दुपारभर जळजळ सोसली.

मशीन जत्रेतल्या पाळण्यासारखं करायची कल्पना तुझी, असं तू सगळ्यांना सांगायचास. ती आपल्या दोघांची होती. आपण पाथर्डीकडच्या गावी होतो तेव्हाची जत्रा तुला आठवत असेलच. बाप म्हणून दादा एरवी मऊ, पण देवळाकडे जाऊ द्यायचे नाहीत. "आपलं तिकडं काय काम," एवढंच म्हणायचे, आणि त्यांचा आवाज असा असायचा की पुढे कुणी विचारू नये. मग आई हळूच म्हणायची, "देवाला न्हाई, पोरं पाळन्याला जात्यात." दादा पेपरातून मान वर काढायचे नाहीत, म्हणजे परवानगी मिळाली. आपण देवळाला वळसा घालून सरळ पाळण्यापाशी.

मला तुला शेजारी घेऊन बसायचं होतं. तू लहान होतास, वर गेल्यावर उडी मारशील अशी मला भीती. पाळणेवाल्यानं तुला माझ्या मांडीवरून उचललं आणि समोरच्या बाजूच्या पाळण्यात नेऊन बसवलं. मी भांडले. तो म्हणाला, "एका अंगाला वजन झालं तर चाक फिरत न्हाई, पोरी. समोरासमोर बसावं लागतंय." मग मी वर गेले की तू खाली आणि तू वर गेलास की मी खाली. तू टाळ्या वाजवत होतास आणि मी सगळा वेळ मान वळवून तू आहेस ना ते बघत होते. मला त्या पाळण्यातून गाव कसं दिसतं ते आजही माहीत नाही.

तर तेच तू माझ्या खोलीत उभं केलंस. जमिनीवर एका कपाटाएवढी जागा, आणि उंची छतापर्यंत. आत साखर कारखान्याच्या भंगारातून आणलेली साखळी, तिला वरून टांगलेले ट्रे, पाळण्यातल्या बाकांसारखे, कुठेही गेले तरी आडवेच राहणारे. छातीच्या उंचीवर एक खिडकी. नंबर दाबायचा की मोटर सुरू होणार, आणि तो ट्रे वरून किंवा खालून फिरत खिडकीशी येऊन थांबणार. वीज नसेल तर हँडल. सर पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांनी एकच नंबर पुन्हापुन्हा दाबला, लहान मुलासारखा. पॅसेज मोकळा झाला, तिथे पेशंटसाठी बाकडं आलं. पूर्वी लोक जिन्यावर बसायचे, तुझ्यामुळे ते बाकावर बसायला लागले. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. मी म्हणायचे, "तो खालचा नट ढिला वाटतोय."

खरं सांगायचं तर मला तुझा इतका अभिमान वाटत होता की मैत्रिणींना बोलावून बोलावून मी मशीन दाखवायचे. तुझ्यासमोर मात्र नटच.

आणि मग आपलं भांडण. ते पहिल्या दिवसापासून होतं आणि तू गेलास तेव्हाही चालूच होतं.

तुझं म्हणणं, ट्रे समोरासमोर भरायचे. पहिला भरला की दुसरा त्याच्या बरोबर उलट्या बाजूचा, मग तिसरा याच्या शेजारचा, चौथा त्याच्या शेजारचा. म्हणजे वजन सारखं राहील. माझं म्हणणं, नंबर ओळीनं हवेत. आमच्या कामात एका वडीनंतर पुढच्या नंबरची वडी, एका ट्रेनंतर पुढचा ट्रे. मी आज आहे, उद्या दुसरी मुलगी येईल, तिला घाईत वडी काढायची असेल तेव्हा ती तुझ्या पाळण्याचं गणित करत बसणार नाही. तिनं चुकीच्या माणसाची वडी उचलली तर? कॅन्सर नसलेल्या बाईला औषधं सुरू होतील. तू म्हणायचास, बोर्ड लाव. मी म्हणायचे, बोर्ड पडतात, रंग देणारे काढून ठेवतात, झुरळं खातात. तू म्हणायचास, "तुझ्या दवाखान्यातली झुरळं बोर्डबी खात्यात व्हय?"

सरांनी माझी बाजू घेतली. कपाटं एकेक करून रिकामी करायची आणि ट्रे ओळीनं भरायचे, असं ठरलं. तू रागावलास. "निम्मं भरंल तवा खरा ताप," तू म्हणालास. "एक अंग जड, एक अंग हलकं. मोटर वर खेचूनच मरंल."

शेवटच्या रविवारी आईनं सुकट केलं होतं, तुझ्या आवडीचं. तू दुसरी भाकरी मोडलीस आणि मी विषय काढला, कारण मला राहवलं नाही. मशीन फिरताना कण्हल्यासारखा आवाज करायला लागलं होतं. तू म्हणालास, "मग भर ना समोरासमोर." मी म्हणाले, "नंबर मोडायचे नाहीत, तू दुसरं काहीतरी कर." तू भाकरीचा तुकडा परत ठेवलास. मग ताटातच हात धुतलास आणि म्हणालास, "बघू."

आई म्हणाली, "त्याला स्थळ आलंय त्याचं बोला, तुमचं मशीन मेलं." तू तिलाही तेच म्हणालास. बघू. चपला घातल्यास आणि गेलास.

तुझा हा "बघू" मला कधीच कळायचा नाही. कधी त्याचा अर्थ नाही असायचा, कधी हो, कधी नुसतंच तोंड बंद कर. त्या आठवड्यात दुपारी तुझ्या शेडमधून फोन आला. त्यानंतरचं मला इथे लिहायचं नाही, तुला ते ठाऊक आहे आणि मला ते विसरायचं आहे. पण तो "बघू" माझ्या कानात तसाच राहिला. माझ्याशी शेवटचं बोललास ते टाळण्यासाठी बोललास, असं मला वाटत राहिलं.

आणि विजू, तू सांगितलं होतंस तसंच झालं. ट्रे निम्मे भरले आणि तुझं चाक अडकलं.

परवा सकाळी एक जोडपं आलं. ऊसतोडीवरून थेट आलेलं, अंगावरच्या कपड्यांना पाचटाचा वास. बाईचं आमच्याकडे पूर्वी ऑपरेशन झालं होतं, आता पुन्हा गाठ आली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी जुनी वडी मागितली होती. तिच्यावर काहीतरी तपासणी करून मगच औषध ठरणार होतं, आणि संध्याकाळच्या एसटीनं त्यांना निघायचं होतं. बाई बाकावर पदर तोंडाला लावून बसली. नवरा, बबनराव, दारात उभा राहिला. "बाई, ती वडी हाय ना तुमच्यापाशी?" त्यानं विचारलं. "डाक्टर म्हनले, वडीबिगार आमी हात लावनार न्हाई."

"आहे, लगेच देते," मी म्हणाले आणि नंबर दाबला. मोटर घुमली, साखळी थोडी हलली आणि थांबली. जळका वास आला. फ्यूज गेला. नवा घातला, तोही गेला. हँडल लावलं, लोंबकळले त्याला, हललं नाही. सगळे भरलेले ट्रे खाली जाऊन बसले होते आणि रिकामे वर. मला हवा तो ट्रे अगदी तळाला होता, हात पोचेल अशी जागाच नाही. तुझ्या शेडवर फोन केला. वाजत राहिला.

सर आले. तळाचा पत्रा काढू म्हणाले. पण तो काढायचे बोल्ट मागच्या बाजूला, आणि मागे भिंत. जागा वाचवायच्या नादात तू बोटसुद्धा आत जाणार नाही इतकं ते भिंतीला चिकटवलंस. मला तुझा असा राग आला विजू, की तू समोर असतास तर मी तुला फटकावलं असतं. आणि तू समोर नाहीस हे त्याच क्षणी आठवलं.

दवाखान्याच्या नव्या पलंगांचं काम चालू होतं, तिथला माणूस सरांनी बोलावला. त्यानं मशीनवर हात थापटला आणि म्हणाला, "काय न्हाई सायेब, गॅस कटर लावतो. पाच मिन्टं."

आत मेण आहे, विजू. मेणाला कटरची आच लागली तर तळाचे ट्रे वितळणार, एकातलं दुसऱ्यात मिसळणार. त्या बाईची वडी जाणार आणि तिच्याबरोबर किती जणांची. मी मशीनला पाठ लावून उभी राहिले. "कटर लावायचा नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

सर काही वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "बाई, मलाही कळतं. पण त्या माणसाला मी काय सांगू? आणि आज हे अडकलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा अडकेल. बनवणारा राहिला नाही. सरळ मोडीत काढू आणि कपाटं परत आणू. दुपारपर्यंत तुम्हाला सुचतंय का बघा, नाहीतर पत्रा करवतीनं कापायला घेतो, जे होईल ते होईल."

बनवणारा राहिला नाही. इतक्या लोकांनी येऊन सांत्वन केलं, पण तू गेलास हे मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं.

मी स्टुलावर बसले. रडायला वेळ नव्हता, पण येत होतं. वर बघितलं. रिकामे ट्रे वर, भरलेले खाली. मान वळवून मी बघतच राहिले, जशी त्या पाळण्यातून तुझ्याकडे बघत होते. आणि मग आठवलं की त्या जत्रेत शेवटी शेवटी माणसं कमी झाली तेव्हा पाळणेवाला रिकाम्या पाळण्यांत वाळूची पोती ठेवत होता. तू मला विचारलं होतंस, "आक्का, पोत्याला कशाला बशिवलंय?"

वाळू कुठून आणायची? स्टोअरमध्ये सलाईनच्या बाटल्या होत्या. सगळ्या एका मापाच्या, एका वजनाच्या. स्टोअरच्या सिस्टरनं विचारलं, कशाला? मी म्हणाले, भावाला. तिनं पुढे काही न विचारता कुलूप काढलं.

वरचं झाकण तू साखळीला तेल घालायला उघडं होईल असं ठेवलं होतंस, देव नाही मानत पण तुझं भलं होवो. मी शिडीवर चढले, बबनराव खालून बाटल्या देत होता. दोन-चार ट्रे भरले तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे तर जत्रंतल्या पाळन्यावानी हाय. मानसं बशिवल्यागत."

"व्हय," मी म्हणाले. तुझ्याच बोलीत उत्तर गेलं तोंडातून.

हँडल फिरवून पाहिलं. हललं. जरासं, पण हललं. वर आलेल्या पुढच्या ट्रेमध्ये आणखी बाटल्या. पुन्हा हँडल. बबनरावाच्या हातात कोयत्याची ताकद होती, तरी मी ओरडत होते, हळू, हळू, आत माणसं आहेत. तळातला ट्रे एकेक घर वर सरकत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता, साखळी तुटली तर, ट्रे कलंडला तर. मग तो खिडकीशी आला. सरळ, आडवा, एकही वडी जागची न हललेली. तू टांगलास तसाच.

वडी कापसात गुंडाळून डबीत घालून दिली. उन्हात ठेवू नका म्हणाले, एसटीत इंजिनाजवळ बसू नका म्हणाले, पिशवीत गरम भाकरीखाली ठेवू नका म्हणाले. बबनराव सगळ्याला व्हय म्हणत होता. ती बाई पहिल्यांदाच बोलली. "एवढुशा वडीत मीच हाय व्हय?" म्हणाली आणि डबी हातात घेऊन बसली. मुंबईहून अजून काही कळलेलं नाही. काही कळलं की एक फोन करा म्हणून मी बबनरावाला नंबर दिलाय. फोन वाजला की मी धावते.

त्या दिवसानंतर मी ठरवलं, विजूचंच ऐकायचं. तू जिंकलास. नवी लेबलं केली, समोरासमोर भरायची. मोठा बोर्ड लिहिला, वर प्लॅस्टिक चढवलं, झुरळांसाठी. नव्या मुलीला तुझं गणित दोनदा समजावलं. ती चुकणार, ही धास्ती होतीच, पण तू सांगितलं होतंस ते खोटं नव्हतं, आणि तुझ्याशी आता भांडून जिंकण्यात काही राम नव्हता.

आणि आज दुपारी शफीकभाई आले. तुझ्या शेडमधले वेल्डर, तू गेल्यापासून ते गावाकडे होते. शेड मालकाला परत द्यायची म्हणून सामान आवरायला आले होते. लुनाच्या पुढ्यात एक जड पोतं. ते खाली ठेवताना त्यांना धाप लागली.

"ताई, ह्या पट्ट्या तुमच्या," ते म्हणाले.

पोत्यात लोखंडाच्या पट्ट्या होत्या. कडा कानशीनं घासलेल्या, हात कापू नये अशा. उचलायला एकेक भोक. गंजू नयेत म्हणून रंग दिलेला. आणि प्रत्येकीवर पंचनं ठोकलेला एक नंबर, ओळीनं. रिकाम्या ट्रेचे नंबर.

"ह्या कशाच्या?" मी विचारलं, पण मला कळायला लागलं होतं.

"ते न्हाई सांगितलं. सोमवारी सकाळी आल्या आल्या कापाय घेतल्या विजूभाऊनी, रविवारी घरी जेवून आले हुते त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी इचारलं तर म्हनले, आक्काच्या हट्टाच्या पट्ट्या हायेत." शफीकभाईंनी मान खाली घातली. "शेवटच्या दोन-तीन मी घासल्या. कडा नीट झाल्यात का बघा, ते लई बारीक बघायचे."

मी एक पट्टी आमच्या वजनकाट्यावर ठेवली. मग एक भरलेला ट्रे रिकामा करून त्यातल्या वड्या ठेवल्या. काटा त्याच जागी आला.

पाळण्यातली वाळूची पोती तुलाही आठवली होती. प्रत्येक रिकाम्या ट्रेत एक पट्टी. ट्रे वड्यांनी भरला की त्याची पट्टी काढायची. म्हणजे चाक कायम सारखं जड, आणि माझे नंबर कायम ओळीनं. तुझा "बघू" म्हणजे हे होतं. माझ्यासाठी हे करत होतास आणि सांगितलं नाहीस. आणि मी इकडे तुझ्यासाठी लेबलं बदलत होते. सांग आता, कुणाचं ऐकू? भांडण तरी पुरं करून जायचं होतंस रे.

रडले मी, शफीकभाईंच्या देखतच. ते बिचारे लुनाची चावी चाचपत उभे राहिले. मग म्हणाले, "बसवू या?"

बसवल्या. सलाईनच्या बाटल्या पुसून सिस्टरला परत दिल्या. नवी लेबलं काढली, जुनी लावली. बोर्ड मात्र टाकला नाही, उतरवून माझ्या टेबलामागे ठेवला, तुझी तेवढी आठवण. सर दारात उभे होते. मी नंबर दाबला, आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. साखळी फिरली. कण्हणं नाही, खट् नाही, वास नाही. ट्रे येऊन खिडकीशी थांबला. सरांनी आणखी एक नंबर दाबला, मग आणखी एक. मोडीत काढायची गोष्ट तिथेच मिटली.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. सुखानं श्वास घ्यावा तर लगेच नवी धास्ती. ट्रे भरत जातील, विजू. दर वेळी तुझी एक पट्टी बाहेर निघेल. तू घासलेली, तू रंगवलेली. एक दिवस शेवटचा ट्रे भरेल आणि तुझी शेवटची पट्टीही बाहेर येईल. मशीन माणसांनी गच्च भरलेलं असेल आणि तू त्यात नसशील.

म्हणून मी सरांना सांगून टाकलंय. शेवटचा ट्रे हिशेबात धरायचा नाही, त्यात तुझी पट्टी सोडून काही ठेवायचं नाही. ते म्हणाले, बाई, जागा वाचवायलाच तर हे केलं ना? मी म्हणाले, हो. तुझ्या त्या एवढ्या खटाटोपातून, छतापर्यंतच्या त्या सगळ्या आभाळातून, एवढी एक जागा वाया जाऊ दे.